‘कशावरून?’ : विकिपीडियावरच्या विज्ञानाची राखण

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून एखादी म्हणेल, हे काही आपल्या कामाचं नाही. विषय आहे विकिपीडिया. तिथले विज्ञानाचे लेख बरोबर कसे राहतात, ते बरोबर ठेवतं कोण, हे आज सांगायचं आहे. रेडिओ बंद करू नका, थोडं ऐका. मूल जुलाबाने मलूल झालं, रानात कुणाला साप चावला, तपासणीत रक्त कमी निघालं, कपाशीवर नवी कीड दिसली, की आता घरातलं कुणीतरी आधी फोन काढतं. लिहिता येत नसलं तर बोलून विचारतं. फोन चटकन उत्तर देतो. ते उत्तर पुष्कळदा विकिपीडियावरून उचललेलं असतं. म्हणजे आपण नाव घेतलं नाही तरी विकिपीडिया आपल्या घरात येऊन बसलेला आहे. तो काय सांगतो आणि ते खरं आहे का, हे बघायला नको का?

आम्ही काही जणी मिळून मराठी विकिपीडियावरचे आरोग्याचे, शेतीचे आणि विज्ञानाचे लेख तपासतो आणि सुधारतो. आमच्यात शाळेतल्या शिक्षिका आहेत, दवाखान्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या परिचारिका आहेत, शेतकी शिकलेल्या मुली आहेत. या कामाला पगार नाही, मानधन नाही. जेवणखाण आवरलं की रात्री तासभर बसायचं, असं चालतं. हे काम करताना जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी छापायचं, मग तपासायचं

विश्वकोश म्हणजे सगळ्या विषयांची माहिती एका ठिकाणी देणारा ग्रंथ. मराठीत ही परंपरा जुनी आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. पुढे सातारा जिल्ह्यातल्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. त्यात त्या त्या विषयाच्या जाणकाराने लिहायचं, संपादकांनी तपासायचं, आणि मग छापायचं.

विकिपीडियाची रीत उलटी आहे. १५ जानेवारी २००१ रोजी तो इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. आज तो तीनशेहून जास्त भाषांत आहे. वाचायला पैसे लागत नाहीत, त्यावर जाहिराती नसतात, आणि तो चालवणारी संस्था लोकांच्या देणग्यांवर चालते. मोठी गोष्ट ही की त्यात कोणीही लिहू शकतं. पदवी विचारत नाहीत. तुम्ही लिहिलं आणि जतन करा म्हटलं की त्याच घटकेला ते सगळ्या जगाला दिसायला लागतं. तपासणी नंतर होते.

इथे कुणीही विचारेल, मग कुणी खोटं लिहिलं तर? लिहितात की. कुणी खोडी काढायला लिहितं, कुणी आपलं औषध खपवायला लिहितं, कुणी मनापासून लिहितं पण ऐकीव माहितीवर लिहितं. तरीही हा कोश टिकून आहे, लोक त्यावर विसंबतात. ते कशामुळे, हे कळायला आपल्या बचत गटाकडे बघू या.

गटाच्या वहीसारखी वही

गटाची रोकड वही कोण लिहितं? एखादी सचिव ताई लिहिते. पण वही तिची नसते, गटाची असते. मासिक बैठकीत ती सगळ्यांसमोर उघडते. कोणी किती बचत भरली, कोणी कर्ज घेतलं, कोणाचा हप्ता राहिला, सगळं वाचून दाखवतात. एखादी म्हणते, माझे दोनशे भरले होते, इथे शंभर कसे? मग पासबुक काढतात, पावती बघतात, आणि आकडा दुरुस्त होतो. वही खरी राहते कारण ती उघडी असते, आणि पावती मागायचा हक्क प्रत्येकीला असतो.

विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाला अशीच व्यवस्था आहे. लेखाच्या वरच्या बाजूला ‘इतिहास’ असं लिहिलेलं असतं. त्यावर बोट ठेवलं की तो लेख सुरू झाला तेव्हापासून कोणी, कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठला शब्द बदलला, हे सगळं दिसतं. जुनी प्रत पुसली जात नाही. आज कुणी लेखाची नासधूस केली तर कालची प्रत दोन मिनिटांत परत आणता येते. बाजूलाच ‘चर्चा’ नावाचं पान असतं. लेखातल्या एखाद्या गोष्टीबद्दल शंका असेल तर तिथे लिहायचं. सगळ्या विकिपीडियाबद्दल बोलायचं असेल तर त्यासाठी वेगळी जागा आहे, तिचं नाव मराठी विकिपीडियाने ‘चावडी’ ठेवलं आहे. आणि नवीन माणसाला हात बसेपर्यंत लिहून बघायला एक पान असतं, त्याचं नाव ‘धूळपाटी’. नावं आपलीच आहेत, घाबरायचं कारण नाही.

राखण करायची ती अशी. प्रत्येक जण आपल्या माहितीतले काही लेख नजरेखाली ठेवतो. त्या लेखात कुणी काही बदललं की आपल्या यादीत ते वर येतं. आपण जाऊन बघायचं. बदल बरोबर असेल तर राहू द्यायचा, चुकीचा असेल तर ‘रद्द करा’ म्हणायचं आणि कारण लिहायचं. फारच धिंगाणा चालला तर त्या लेखाला कुलूप लावतात, म्हणजे नवख्यांना त्यात थेट बदल करता येत नाही. कोविडच्या साथीत इंग्रजी विकिपीडियाने साथीवरच्या मुख्य लेखांना असंच कुलूप लावलं होतं.

एका आकड्याची गोष्ट

विज्ञानाच्या लेखात एवढी काळजी का, ते जलसंजीवनीच्या उदाहरणाने सांगतो.

जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. त्यावर साखर, मीठ आणि पाणी यांचं ठरावीक प्रमाणातलं मिश्रण पाजायचं, हे आता आशाताई घरोघर सांगतात. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी तोंडाने पाजायचं मीठ-साखरेचं पाणी ड्रमांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजायला लावलं. शंभरात तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आता घरगुती मिश्रणाचं प्रमाण ऐका. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. समजा, कुणी लेखात जाऊन ‘अर्धा’ या शब्दाच्या जागी ‘अडीच’ लिहिलं. बदल एका शब्दाचा. शुद्धलेखन बरोबर, वाक्य सुरेख. वरवर वाचणाऱ्याला काही खटकणार नाही. पण एवढं मीठ पोटात गेलं तर आधीच सुकलेल्या बाळाच्या जिवाला धोका होतो. इतिहासाच्या किंवा सिनेमाच्या लेखात तारीख चुकली तर वाद होतो. औषधपाण्याच्या लेखात आकडा चुकला तर त्याची किंमत एखादं घर मोजतं.

म्हणून आम्ही लेख तपासायला घेतला की आधी आकडे बघतो. चमचे, ग्रॅम, मिलिलिटर, दिवस, टक्के. प्रत्येक आकड्याला विचारतो, तू कुठून आलास? इंग्रजी विकिपीडियाच्या वैद्यकीय लेखांत तर औषधाची मात्रा सहसा लिहीतच नाहीत. तो लेख वाचून कुणी गोळ्या घेऊ नयेत, मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी, असा त्यामागे विचार आहे.

पावती कुठली चालते?

विकिपीडियाचा सगळ्यात मोठा नियम एका शब्दात सांगता येतो : कशावरून? तुम्ही एक गोष्ट लिहिली, ती कशावरून लिहिली? त्याचा आधार वाक्याच्या शेवटी द्यायचा. तो लहान आकडा तुम्ही पाहिला असेल. त्यावर बोट ठेवलं की खाली पुस्तकाचं, अहवालाचं किंवा शोधनिबंधाचं नाव दिसतं. आधार नसेल तर वाचणारा तिथे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावू शकतो. ती खूण दिसली की समजायचं, या वाक्याची पावती अजून आलेली नाही.

पण सगळ्या पावत्या सारख्या नसतात. गटाला कुणी चहाच्या कागदावर आकडा लिहून आणला तर आपण तो घेतो का? तसंच इथे. विज्ञानाच्या लेखाला काय चालतं, याची उतरंड अशी आहे. एखादी गोष्ट अनेक ठिकाणी तपासून पाहिलेले सगळे अभ्यास एकत्र मांडणारे आढावे सगळ्यांत वर. त्यांच्या बरोबरीने वैद्यकीय पाठ्यपुस्तकं, जागतिक आरोग्य संघटनेची किंवा सरकारची मार्गदर्शक पुस्तिका. एकच नवा प्रयोग असेल तर त्याचं वजन कमी, कारण उद्या दुसऱ्या प्रयोगात वेगळं निघू शकतं. ‘अमुक खा, कर्करोग पळवा’ अशी वर्तमानपत्रातली बातमी औषधाच्या बाबतीत पुरेशी नाही. आणि जो औषध विकतो त्याचं स्वतःचं पत्रक अजिबात नाही.

आणखी एक. पावती खरी असली तरी जुनी असू शकते. साप चावल्यावर वर घट्ट आवळून बांधा, चिरा द्या, रक्त काढा, असं पूर्वी प्रथमोपचाराच्या पुस्तकांत छापलेलं असायचं. पुस्तक खरं, पान खरं, पण आज ते सांगणं धोक्याचं आहे. आता डॉक्टर सांगतात की घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, माणसाला धीर द्यायचा, चालवायचं नाही, आणि ताबडतोब दवाखान्यात न्यायचं. सापाच्या विषावरचं प्रतिविष हाच उपाय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालणारं प्रतिविष आपल्याकडे मिळतं. आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात असा अंदाज २०२० साली एका मोठ्या अभ्यासाने मांडला, आणि त्यात बहुतेक खेड्यातली आहेत. तेव्हा सर्पदंशाच्या लेखात जुनी पावती राहिली तर ती कुणाच्या जिवावर बेतेल, हे वेगळं सांगायला नको.

जलसंजीवनीचंही असंच. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने पुडीतल्या मिश्रणात मीठ आणि साखर दोन्हींचं प्रमाण पूर्वीपेक्षा कमी केलं. त्याआधीच्या पुस्तकावरून आज कुणी पुडीचं प्रमाण लिहिलं तर संदर्भ असूनही माहिती जुनी. म्हणून चांगला लेख एकदा लिहून संपत नाही. त्याची दरवर्षी कोळपणी, खुरपणी करावी लागते.

अफवा पावती घेऊन येते तेव्हा

आता एक गंमत ऐका, पण ती नुसती गंमत नाही. दक्षिण अमेरिकेत कोआटी नावाचा लांब नाकाचा, लांब शेपटीचा एक प्राणी आहे. २००८ साली अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने विकिपीडियावरच्या त्याच्या लेखात गमतीने एक वाक्य घातलं, की या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असंही म्हणतात. आर्डवार्क हा आफ्रिकेतला मुंग्या खाणारा प्राणी. कोआटीचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि हे नाव त्या मुलाने स्वतः बनवलेलं. पण कुणी लक्ष दिलं नाही. पुढे इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी ते नाव बातम्यांत वापरलं. एका विद्यापीठाने छापलेल्या पुस्तकातही ते आलं. मग विकिपीडियावर त्या वाक्याला पावती जोडली गेली. कुठली? तर त्याच वाक्यावरून तयार झालेली बातमी! २०१४ साली एका नियतकालिकाने हा सगळा प्रकार बाहेर काढला.

आपल्या गावात असंच होतं. एक बाई म्हणते, ऐकलंय बाई. दुसरी म्हणते, हो, ती म्हणत होती. तिसरीकडून ते पहिलीकडे परत येतं, आणि ती म्हणते, बघा, मी म्हणत नव्हते? तीन तोंडं झाली म्हणून साक्षीदार तीन झाले नाहीत. बोलणारी मुळात एकच.

तेव्हा पावती आहे एवढ्यावर थांबायचं नाही. पावती आधीची की नंतरची, आणि तिने स्वतः कुठून घेतलं, हेही बघायचं. हाच नियम व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘नासाने सांगितले आहे’ छाप निरोपांनाही लावून पाहा. निम्मे निरोप तिथेच गळून पडतील.

मग भरवसा ठेवायचा की नाही?

२००५ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नावाजलेल्या साप्ताहिकाने एक तपासणी केली. इंग्रजी विकिपीडिया आणि ब्रिटानिका या जुन्या नामवंत विश्वकोशातले विज्ञानाचे ४२ विषय घेतले आणि दोन्हींकडचे लेख त्या विषयाच्या जाणकारांना दिले. लेख कुठला ते सांगितलं नाही. विकिपीडियात लहानमोठ्या १६२ चुका निघाल्या, ब्रिटानिकात १२३. म्हणजे एका लेखामागे इकडे चार, तिकडे तीन. गंभीर चुका दोन्हींकडे चार-चार. ब्रिटानिकाने पुढच्या वर्षी या तपासणीच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतले. पण कोणीही लिहू शकतो अशा कोशात नुसता कचरा असेल, हा समज त्या तपासणीने खोटा ठरवला. आणि जाणकारांनी तपासलेल्या ग्रंथातही चुका असतात, हेही दिसलं.

पण हे इंग्रजीबद्दल झालं, आणि इथे सावध राहायला हवं. इंग्रजीत सत्तर लाखांच्या आसपास लेख आहेत आणि त्यावर नजर ठेवणारी हजारो माणसं आहेत. सर्पदंशासारख्या मोठ्या लेखात कुणी खोडी केली तर ती सहसा लवकर पकडली जाते. मराठीत लेख लाखाच्या आसपास, आणि नियमाने काम करणारे हात फारच थोडे. एवढं शेत आणि राखणदार मोजके. त्यामुळे इथे एखादी चूक शिरली तर ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहू शकते. विकिपीडिया खरा की खोटा, हा प्रश्न म्हणून अर्धवट आहे. कुठला लेख, कुठल्या भाषेतला, त्याला पावत्या किती, त्याच्याकडे बघतं कोण, असं विचारायला हवं.

मराठी लेखांत आम्हाला वारंवार दिसणारी दुखणी तीन आहेत.

पहिलं, यंत्राने केलेलं भाषांतर. इंग्रजी लेख यंत्रात घालायचा आणि जे बाहेर येईल ते तसंच चिकटवायचं. इंग्रजीत रोपालाही ‘प्लांट’ म्हणतात आणि कारखान्यालाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंना ‘कल्चर’ म्हणतात आणि संस्कृतीलाही तोच शब्द आहे. मग दह्यावरच्या लेखात विरजणाच्या जागी ‘जिवाणूंची संस्कृती’ येते. दही लावणाऱ्या बाईला ते वाचून हसू येईल. पण जिथे शब्द ओळखीचा नसतो तिथे हसू येत नाही, चूकच खरी वाटते.

दुसरं, वनस्पतींच्या लेखांतला ‘औषधी उपयोग’. कुठलंही झाड घ्या, खाली दहा आजारांची यादी असते आणि पावती एकाचीही नसते. मधुमेहावर गुणकारी, मूळव्याधीवर गुणकारी, कावीळ हमखास बरी. आम्ही इथे एक फरक करतो. ‘या पाल्याचा रस काविळीवर देण्याची प्रथा आहे’ हे एक वाक्य, त्याला लोकजीवनावरच्या पुस्तकाचा आधार चालतो. ‘या रसाने कावीळ बरी होते’ हे दुसरं वाक्य, त्याला वैद्यकीय पुरावा लागतो. पहिलं वाक्य खरं असलं म्हणून दुसरं आपोआप खरं होत नाही. कुणी या दोन्हींत फरक न केल्यामुळे पेशंट दवाखान्यात उशिरा पोचला, असं होऊ नये.

तिसरं, उचलेगिरी. दुसऱ्याच्या पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा उतरवायचा. मजकूर चांगला असला तरी तो दुसऱ्याच्या मालकीचा. वाचून, समजून, आपल्या शब्दांत लिहायचं आणि नाव द्यायचं, हीच रीत.

ज्यांचं कुणी लिहिलंच नाही

इथवर ऐकून एखादी म्हातारी विचारेल, माझ्या सासूने मला पन्नास रानभाज्या ओळखायला शिकवल्या. कुठली उकळून पाणी टाकून द्यायची, कुठली पहिल्या पावसातच खायची, ते मला पाठ आहे. त्याची पावती मी कुठून आणू?

आजी, प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि या कोशाची सगळ्यात मोठी उणीवही हीच आहे. ‘मला माहीत आहे’ एवढं तिथे चालत नाही, मग ते डॉक्टरने म्हटलं तरी. छापील आधार लागतो. आणि छापणाऱ्यांनी ज्यांच्याकडे पाहिलंच नाही त्यांचं ज्ञान बाहेर राहतं. यात बायका जास्त करून मागे राहतात.

हे मोठ्या शास्त्रज्ञ बायकांच्याही वाट्याला येतं. कॅनडातल्या डॉना स्ट्रिकलंड यांना २ ऑक्टोबर २०१८ रोजी भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मेरी क्युरी १९०३, मारिया गोपर्ट मायर १९६३, आणि त्यानंतर थेट या, हे नोबेल मिळवणाऱ्या तिसऱ्याच स्त्री. त्या सकाळी इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नावाचा लेखच नव्हता. कुणीतरी लिहून पाठवला होता, तो पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून मे महिन्यात परत गेला होता. त्यांच्यासोबत नोबेल मिळालेल्या पुरुष शास्त्रज्ञांवर मात्र लेख आधीपासून होता. विकिपीडियाने नियम पाळला असं म्हणता येईल. पण मुळात त्यांच्याबद्दल कोणी फारसं लिहिलं नव्हतं. आजही इंग्रजी विकिपीडियावर माणसांवरचे जे लेख आहेत, त्यांत शंभरात वीसच्या आसपासच स्त्रियांवर आहेत.

आता आपल्याकडचं दुसऱ्या बाजूचं उदाहरण. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळेत गेल्या नाहीत, पण गावठी वाणांचं बी जपत राहिल्या. लोकांनी त्यांचं काम पाहिलं, त्याबद्दल लिहिलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आज विकिपीडियावर त्यांच्यावर लेख आहे. बी त्या आधीही जपतच होत्या. लेख झाला तो कुणीतरी जाऊन, विचारून, छापून ठेवलं म्हणून.

तेव्हा आजींनी शिकवलेल्या रानभाज्यांचं काय करायचं? आधी ते छापलं गेलं पाहिजे. गावातल्या शाळेच्या बाईंनी, महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या मुलींनी बसून ऐकावं, झाड पाहावं, त्याचं शास्त्रीय नाव ठरवावं, आणि रीतसर प्रसिद्ध करावं. त्यानंतर विकिपीडियावर त्याची पावती जोडता येते. वाट लांबची आहे, पण आडवाट घेतली तर कोआटीसारखी गत होते.

तुमचा गट काय करू शकतो?

यासाठी सगळ्यांना संगणक यायला हवा असं नाही. गटात एखादी मुलगी फोन सराईतपणे वापरणारी असतेच. महिन्याच्या बैठकीत वहीचं काम झालं की पंधरा मिनिटं द्यायची. एक लेख निवडायचा, आपल्या रोजच्या जगण्यातला : जुलाब, रक्तक्षय, सर्पदंश, शेवगा, नाचणी, गांडूळखत. मुलीने मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा.

ऐकताना चार गोष्टी धरून ठेवायच्या. एक, आकडे : प्रत्येक आकड्यामागे पावती आहे का? दोन, खात्रीची भाषा : ‘हमखास’, ‘रामबाण’, ‘मुळापासून बरा’ असे शब्द आले की कान टवकारायचे. तीन, भाषा : वाक्य आपल्याला कळतं का, की यंत्राने बोललेलं वाटतं? चार, पावतीचं साल : किती जुनी आहे?

काही खटकलं तर थेट लेखात हात घालायची गरज नाही. ‘चर्चा’ पानावर साध्या मराठीत लिहायचं, की अमुक वाक्य आम्हाला चुकीचं वाटतं, कारण हे. आशाताई, अंगणवाडीताई किंवा परिचारिका यांच्याकडे सरकारी पुस्तिका असते, तिच्याशी ताडून बघता येतं, आणि तिचं नाव, साल, पान लिहिता येतं. असं एक टिपण आम्हाला फार मोलाचं असतं. चमच्यात मीठ किती राहतं, हे रोज मीठ घालणाऱ्या हाताला जेवढं कळतं तेवढं पुस्तकी माणसाला कळत नाही.

दुसरं, फोटो. आपण स्वतः काढलेला झाडाचा, पानाचा, फुलाचा, किडीचा फोटो विकिपीडियाला देता येतो. गावाचं नाव आणि तारीख लिहायची. मात्र दुसऱ्याचा फोटो व्हॉट्सॲपवरून घेऊन द्यायचा नाही. आणि कुणा बाईचा, बाळाचा, पेशंटचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. विकिपीडिया वाचून शहाणं व्हायचं, औषध ठरवायचं नाही. बाळ पाणी पिईना, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर फोन वाचत बसू नका. साप चावला तर लेख शोधू नका. १०८ नंबर लावा, दवाखाना गाठा. लेख वाचायचा तो आधी, निवांतपणी.

मैत्रिणींनो, घरात आपण बायका भाजी घेताना दहादा उलटून पाहतो, दुकानदाराचा तराजू बघतो, उसनं दिलेलं पीठ मापाने परत घेतो. माहिती घेताना मात्र कुणी ठसक्यात सांगितलं की गप्प बसतो. गप्प बसू नका. सांगणारा मास्तर असो, डॉक्टर असो, फोन असो, की रेडिओवर बोलणाऱ्या आम्ही असो, विचारा : कशावरून? आज आम्ही जे आकडे सांगितले तेही तुमच्या आशाताईंना विचारून घ्या. आम्हाला राग येणार नाही.

पुढच्या बैठकीत एक लेख वाचा. काय खटकलं ते केंद्रावर कळवा, पत्राने किंवा फोनवर बोलून. ते आम्ही तपासू आणि काय निघालं ते याच कार्यक्रमात सांगू.